सादृश्याचे ऋण

माणसाचे हुबेहूब चित्र काढणे ही वरवर पाहता मोठी निरुपद्रवी कला वाटते. समोर एक माणूस बसलेला आहे, दुसरा त्याच्याकडे पाहून फलकावर रंग लावीत आहे. चित्र जमले तर जमले, न जमले तर फार तर थोडे रंग व थोडे पैसे वाया गेले. यात नीती-अनीतीचा प्रश्न कोठून येणार, असे कोणी विचारील. आम्हीही पूर्वी असेच विचारले असते. पण काही वर्षांपूर्वी अशा एका चित्राच्या घडणीत आमचा हात लागला आणि तेव्हापासून हा प्रश्न आमची पाठ सोडीत नाही. आपल्यासारख्या, घरापासून दूर नेमणुकीवर आलेल्या माणसांच्या दैनंदिन कामाशीही त्याचा जवळचा संबंध आहे, असे आम्हांस हळूहळू कळून आले. म्हणून तो येथे मांडीत आहोत.

दिल्लीतील एका मराठी संस्थेने आपल्या एका वृद्ध कार्यकर्त्याचे तैलचित्र करवून घेण्याचे ठरविले. हे गृहस्थ केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेले. दिवसा कचेरी आणि संध्याकाळी संस्था, असा त्यांचा क्रम पुष्कळ वर्षे चालला होता. चित्राच्या कामासाठी तिघांची एक समिती नेमली, तीत आम्ही होतो. चित्रकार मुंबईत शिकलेले व आता गाझियाबादेत स्थायिक झालेले. त्यांनी एक अट घातली: छायाचित्रावरून काम करणार नाही, प्रत्यक्ष बैठका हव्यात. मयूर विहारातील त्या गृहस्थांच्या घरी, उत्तरेच्या खिडकीजवळ, एका हिवाळ्यात नऊ बैठका झाल्या.

चित्र तयार झाले तेव्हा समितीला ते पाहवले नाही. त्या गृहस्थांना पूर्वी अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला होता. डाव्या डोळ्याची पापणी त्यामुळे किंचित खाली आली होती. चित्रकारांनी ती तशीच काढली होती. नजरेत एक शीण होता, आणि त्या शिणातही समोरच्याला तोलून पाहण्याची जुनी कचेरीतील सवय होती. आम्ही एकमेकांकडे पाहिले. एवढ्या कर्तबगार माणसाची आठवण पुढच्या पिढीने या थकलेल्या चेहऱ्याने का ठेवावी, असा आमचा विचार. आम्ही चित्रकारांना पापणी थोडी वर घेण्यास सांगितले.

ते म्हणाले, "साहेब, पापणी उचलता येते, पण मग नजरही बदलावी लागेल. ती पापणी उचलण्याच्या प्रयत्नातूनच ही नजर आली आहे."

आम्ही म्हटले, बदला. त्यांनी एका दुपारात ते काम केले. अनावरणाच्या दिवशी ते वृद्ध गृहस्थ चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले व मग हसून म्हणाले, "छान झाले आहे. अगदी आमच्या थोरल्या बंधूंसारखे दिसते." सारे हसले, आम्हीही हसलो. आज ते हयात नाहीत. चित्र मात्र सभागृहात आहे, आणि ज्या मुलांनी त्यांना कधी पाहिले नाही ती मुले त्यांना त्याच चेहऱ्याने ओळखतात.

आता प्रश्न असा की आम्ही काही चूक केली काय? कोणाचे नुकसान केले काय? चित्रात बसणाऱ्याने तक्रार केली नाही. पैसे देणारे संतुष्ट झाले. पाहणारे प्रसन्न होतात. मग ज्याचे ऋण बुडाले असा धनको कोण?

आपल्या पूर्वजांनी या विषयाचा विचार केला नव्हता असे नाही. कामसूत्रावरील टीकेत यशोधराने चित्रकलेची जी सहा अंगे सांगितली आहेत त्यांत रूपभेद, प्रमाण, भाव व लावण्ययोजन यांच्यानंतर सादृश्य येते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त चित्रांचे प्रकार पाडले आहेत. आरशातील प्रतिबिंबासारखे जे दिसते त्याला तेथे 'विद्ध' चित्र म्हटले आहे. विद्ध म्हणजे वेधलेले. बाण लक्ष्याला लागावा तसा चित्रकाराचा डोळा माणसाला लागला पाहिजे, असा अर्थ त्या शब्दातून आम्हांस जाणवतो. दुसरीकडे शुक्रनीतीचे मत नेमके उलट आहे: देवाची प्रतिमा ओबडधोबड असली तरी कल्याण करते, मर्त्य माणसाची प्रतिमा कितीही सुरेख असली तरी करीत नाही. म्हणजे एका परंपरेने हुबेहूबपणाला कलेचे अंग मानले व दुसरीने माणसाच्या चेहऱ्याचा मोह धरू नये असा इशारा दिला.

या दोहोंमधून वाट काढली ती कालिदासाने. 'मालविकाग्निमित्रा'त राजा प्रथम मालविकेचे चित्र पाहतो आणि चित्रकाराने सौंदर्य वाढवून काढले असावे अशी शंका धरतो. पुढे ती प्रत्यक्ष दिसल्यावर त्याला कळते की वाढविणे दूरच राहिले, चित्रकार तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्याची समाधी शिथिल पडली होती. चित्र चुकले ते हात कच्चा होता म्हणून चुकले असे राजा म्हणत नाही. चित्त ढळले म्हणून चुकले असे म्हणतो. सादृश्याचा प्रश्न येथे कौशल्याच्या प्रांतातून उचलून सरळ नीतीच्या प्रांतात आणून ठेवला आहे. समोरच्या माणसाकडे पुरते लक्ष न देणे हा चित्रकाराचा अपराध, मग चित्र त्यामुळे अधिक सुंदर होवो वा अधिक कुरूप.

परंतु लक्ष देणे एवढ्यानेच सारे भागते काय? आपण राहतो त्या दिल्ली-आग्र्याच्या इतिहासातच याचे अवघड उत्तर पडलेले आहे. अबुल फज्लने आईन-ए-अकबरीत नमूद केले आहे की अकबराने स्वतः चित्रासाठी बैठक दिली व आपल्या सरदारांचीही चित्रे काढवून त्यांचा एक मोठा संग्रह करविला. सजीवाचे चित्र काढताना चित्रकाराला आपण त्यात प्राण घालू शकत नाही याची जाणीव होते व तो ईश्वराकडे वळतो, असेही मत त्याने अकबराच्या नावे दिले आहे. जहांगीराला तर या कलेचे वेडच होते. १६१३ साली इराणच्या शहाकडे जो वकील पाठविला त्याच्याबरोबर त्याने बिशनदास नावाचा चित्रकार धाडला; कारण चेहऱ्याचे साम्य साधण्यात त्याची बरोबरी करणारा कोणी नाही, असे बादशहाचे मत होते. मैत्रीच्या पत्राबरोबर शहाचा खरा चेहराही दरबारात यावा, अशी ही इच्छा.

त्याच जहांगीराने १६१८ साली इनायतखान नावाच्या आपल्या सरदाराचे चित्र काढविले. अफू व मद्य यांनी तो मरणाला टेकला होता. निरोप घेण्यासाठी त्याला पालखीतून आणले, तेव्हा हाडांवर कातडे एवढेच उरलेले शरीर पाहून बादशहा थक्क झाला आणि त्याने चित्रकारांना ते रूप टिपण्याची आज्ञा केली. लवकरच खान वारला. ते रेखाटन आज बोस्टनच्या संग्रहालयात व रंगीत चित्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. उशांना टेकलेला तो देह, पुढे आलेल्या बरगड्या, कोठेच न पाहणारे डोळे. यापेक्षा अधिक विद्ध चित्र आम्हांस ठाऊक नाही. चित्रकाराची समाधी येथे तिळभरही शिथिल झालेली नाही. तरीही ते पाहताना मनात खटकते. त्या माणसाला कोणी विचारले होते काय? मरणाऱ्याचा चेहरा हे बादशहाचे कुतूहल भागविण्याचे साधन आहे काय?

आम्हांस वाटते की येथे दोन माणसे वेगळी ओळखली पाहिजेत. आज्ञा करणाऱ्याला एक नवल पाहायचे होते. चित्रकाराला मात्र तासन् तास त्या माणसासमोर बसावे लागले, किंवा निदान तितका वेळ त्याला मनात धरून ठेवावे लागले. आणि एवढा वेळ एखाद्याला पाहत राहिले की तो नवल राहत नाही, माणूस होतो. त्या चित्रात चेष्टा नाही, किळस नाही, दयेचा आव नाही. बादशहाच्या आज्ञेत जे उणे होते ते चित्रकाराच्या नजरेने काही अंशी भरून काढले. म्हणूनच चारशे वर्षांनंतर आपण ते पाहतो तेव्हा इनायतखानाची बाजू घेतो, जहांगीराची नव्हे.

दिल्लीचेच आणखी एक उदाहरण आहे. १८१५ ते १८१९ च्या सुमारास कंपनीचा अधिकारी विल्यम फ्रेझर याने दिल्लीच्या चित्रकारांकडून आसपासच्या लोकांची चित्रे करवून घेतली. गुलाम अली खान व त्याच्या परिवारातील कलावंतांचे हे काम असे मानले जाते. त्यांत सरदार व दरबारी आहेत, पण शेतकरी, सैन्यात भरती होण्यासाठी आलेले तरुण, गावकरी, घोडे विकणारेही आहेत, आणि पुष्कळांची नावे चित्रांवर लिहिलेली आहेत. हा संग्रह १९७९ साली फ्रेझर घराण्याच्या कागदपत्रांत सापडला. राज्यकर्त्याचा हेतू काहीही असो. ज्यांची नोंद एरवी फक्त सारावसुलीच्या वहीत झाली असती त्या माणसांना येथे चेहरा मिळाला. कोणाच्या भुवया जुळलेल्या, कोणाच्या नाकावर वण. चित्रकाराने काही झाकले नाही, आणि म्हणूनच दोनशे वर्षांनी ती माणसे एकमेकांत मिसळून गेलेली नाहीत.

आता आपल्या मराठी चित्रकारांकडे वळू. मुंबईचे जे. जे. स्कूल १८५७ साली निघाले, आणि तेथील यथार्थदर्शी शिक्षणातून व्यक्तिचित्रणाची एक भक्कम परंपरा महाराष्ट्रात उभी राहिली. तिचा एक मानबिंदू दिल्लीतच आहे. जुन्या संसद भवनाच्या, म्हणजे आजच्या संविधान सदनाच्या, मध्यवर्ती सभागृहातील लोकमान्य टिळकांचे तैलचित्र गोपाळ देऊसकरांनी काढलेले आहे. टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २८ जुलै १९५६ रोजी, पंतप्रधान नेहरूंनी त्याचे अनावरण केले. देऊसकरांचा जन्म १९११ चा. लोकमान्य वारले तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे होते. या चित्रासाठी टिळक त्यांच्यासमोर बसणे शक्य नव्हते. मग येथे सादृश्य कोणाशी?

आमच्या मते येथे चित्रकाराचे काम अधिक कठीण होते. छायाचित्र एका क्षणाचे असते आणि तो क्षण माणसाचा असेलच असे नाही. कॅमेऱ्यासमोर श्वास रोखून बसलेल्या माणसाचा तो असू शकतो. अशा क्षणांच्या साक्षी घ्यायच्या, त्या ताडून पाहायच्या आणि त्यांतून असा चेहरा उभा करायचा की जो कदाचित कोणत्याही एका क्षणी तसाच्या तसा नव्हता, पण ज्याला ओळखणारा माणूस "हेच ते" म्हणेल. न्यायाधीश पुराव्यावरून निवाडा देतो तसेच हे आहे. घटना घडली तेव्हा तोही तेथे हजर नसतो. त्याला खरेपणाचे बंधन असते ते पुराव्याशी, स्वतःच्या आवडीशी नव्हे.

उलट सावळाराम हळदणकरांच्या 'ग्लो ऑफ होप' या जलरंगचित्राची कथा पाहा. हातातल्या दिव्याच्या प्रकाशात उजळलेली ती स्त्री म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे व तिच्या प्रती घरोघर पोचल्या आहेत. ते चित्र राजा रविवर्म्याचे आहे अशी समजूत दूरवर पसरली. वस्तुतः रविवर्मा १९०६ साली वारला आणि हे चित्र १९४० नंतरचे. दिवा धरून उभी राहिली होती ती हळदणकरांची कन्या गीता. शंभरी ओलांडून त्या २०१८ साली निवर्तल्या. म्हणजे लोक त्यांच्याकडे एक अनामिक 'दीपधारिणी' म्हणून पाहत असता त्या हयात होत्या. यात कोणी काही लबाडी केली नव्हती. मुलगी बापासमोर आपखुशीने उभी राहिली, बापाने मन ओतून चित्र काढले. तरीही माणूस मागे राहिला व रूप पुढे गेले. सादृश्य साधले म्हणजे माणूस जपला गेला, असे नव्हे. त्याचे नावही सांभाळावे लागते.

आमच्या समितीने केले त्याच्या अगदी विरुद्ध टोकाचा प्रसंग इंग्लंडात घडला. विन्स्टन चर्चिल यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त ३० नोव्हेंबर १९५४ रोजी पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांतर्फे त्यांना ग्रॅहम सदरलंड यांनी काढलेले त्यांचे चित्र भेट देण्यात आले. चित्रकाराने जड झालेला, खुर्चीत रुतलेला, चिडलेला म्हातारा काढला होता. चर्चिल यांना ते मुळीच रुचले नाही. पुढे त्यांच्या पत्नीने ते नष्ट करविले, आणि ही गोष्ट १९७८ साली जगाला कळली. चर्चिल यांची बाजू पोरकी नाही. ज्याने आयुष्यभर आपली प्रतिमा शब्दांनी घडविली त्याला ती दुसऱ्याने मोडावी याचे दुःख होणारच. आणि घरच्या बाईला नवऱ्याचे दुःख चित्रापेक्षा मोठे वाटले तर तिला दोष देण्यास आमचे मन धजत नाही. पण चित्र जाळून म्हातारपण जळत नाही. सदरलंडने केलेली अभ्यासचित्रे उरली, त्यांत तो चेहराही उरला. आणि आज ती पाहताना चर्चिल यांच्याविषयी मनात येते ती उपहासाची नव्हे, आस्थेची भावना. आपल्या थकव्यामुळे लोक आपल्याला कमी लेखतील, ही त्यांची भीती खरी ठरली नाही.

येथे आम्हांस आमच्या चुकीचे मूळ सापडते. पापणी वर घेण्यास सांगताना आम्ही स्वतःशी म्हणत होतो की हा त्या गृहस्थांचा आदर आहे. पण आदराचा अर्थ काय? त्यांनी झटक्यानंतरही संस्थेचे हिशेब तपासले होते, सभांना हजेरी लावली होती, तरुणांची अर्जपत्रे दुरुस्त करून दिली होती. ती खाली आलेली पापणी ज्या इच्छाशक्तीने ते रोज उचलीत, तीच त्यांची थोरवी होती. चित्रकाराने ती पाहिली होती, कारण तो नऊ बैठका त्यांच्यासमोर बसला होता. आम्ही त्यांना वर्षानुवर्षे ओळखत होतो, तरी इतके सलग कधी पाहिले नव्हते. आम्हांला त्यांचा चेहरा नको होता, आमच्या संस्थेची शोभा हवी होती. मुखस्तुती ही समोरच्यासाठी असते असे आपण मानतो. बहुधा ती आपल्यासाठीच असते. सत्य कठोर असते म्हणून ते टाळावे, हा युक्तिवादही फोल आहे. कठोरपणा सत्यात नसतो, पाहणाऱ्यात असतो. एकच सुरकुती द्वेषाने काढता येते आणि प्रेमानेही काढता येते. पण ती न काढणे याला प्रेम म्हणता येत नाही.

आता वाचक म्हणतील, हे सारे चित्रकारांनी पाहावे. आमचा काय संबंध? संबंध असा की आपल्यापैकी बहुतेक जण दरवर्षी माणसांची चित्रे काढतो. हाताखालच्या माणसाचा वार्षिक अहवाल हे त्याचे व्यक्तिचित्रच नव्हे काय? चार-दोन रकाने, काही अंक, शेवटी एक परिच्छेद; आणि तेवढ्यावरून त्याला कधी न भेटलेली माणसे त्याची बढती ठरवितात. पूर्वी तर हे चित्र ज्याचे त्यालाच दाखविले जात नसे; प्रतिकूल शेरा तेवढा कळविण्याची रीत होती. २००८ साली देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शेरा कोणताही असो, तो संबंधिताला कळविला पाहिजे. त्या प्रकरणात माणसाला 'चांगला' असाच शेरा मिळाला होता. पण बढतीला 'फार चांगला' हवा होता, आणि तो चांगला शेराच त्याला नडला. पुढील वर्षी केंद्र सरकारने पूर्ण अहवाल दाखविण्याचा नियम केला. आपले चित्र पाहण्याचा हक्क अशा रीतीने बसणाऱ्याला मिळाला.

हे योग्यच झाले. परंतु आता उलट दोष बळावतो आहे असे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. ज्याला चित्र दाखवायचे त्याच्याशी वाद नको, म्हणून आपण सरसकट सर्वांच्या पापण्या वर घेतो. सारेच 'उत्कृष्ट'. त्यामुळे ज्याने आजारी मुलाला इस्पितळात ठेवून रात्री उशिरापर्यंत फाईल पुरी केली त्याचा चेहरा, आणि ज्याने कधी ती उघडलीच नाही त्याचा चेहरा, एकाच साच्यातून निघतो. पहिल्यावर अन्याय झाला हे दिसते. दुसऱ्यावरही झाला हे सहसा दिसत नाही. कोणी एकदा नीट पाहून सांगितले असते तर कदाचित तोही सुधारला असता. चित्रकाराचे नऊ बैठकांचे व्रत आपण पाळीत नाही. वर्षअखेरीस एका दुपारी बसून तीसेक माणसे रंगवितो. ही शिथिल समाधी नव्हे तर काय?

म्हणून सादृश्याचे ऋण कोणाचे, या प्रश्नाला आमचे उत्तर असे: ते प्रथम ज्याला पाहिले त्या माणसाचे, मग ज्यांनी त्याला पाहिले नाही त्या सर्वांचे. ते फेडण्याची रीत एकच, पुरेसा वेळ पाहणे. जे दिसले ते लपवू नये, आणि जे दिसले नाही ते दिसल्यासारखे मांडू नये. दोष काढायचा तर ज्या झगड्यातून तो आला त्यासह काढावा; गुण काढायचा तर तो इतरांच्या गुणांहून वेगळा दिसेल असा काढावा. हे करताना समोरचा दुखावणार नाही असे नाही. पण आपल्याला कोणी खरोखर पाहिले आहे, ही जाणीव त्या दुखण्यापेक्षा बहुधा मोठी ठरते. ते वृद्ध गृहस्थ हसून बंधूंचे नाव घेते झाले, त्या हसण्यात ही जाणीव नव्हती. मूळचे चित्र पाहून ते कदाचित हसले नसते, गप्प राहिले असते. ते गप्प राहणे ऐकण्याची संधी आम्ही दवडली.

संस्थेत जाणे होते तेव्हा आम्ही त्या चित्रासमोर क्षणभर थांबतो. खालच्या पितळी पाटीवर त्यांचे नाव व जन्ममृत्यूची वर्षे आहेत आणि ती सर्व बरोबर आहेत. चेहरा मात्र आमच्या सूचनेवरून बदललेला आहे, एवढे येथे नोंदवून ठेवतो.